फिंटन डेव्हेनीचा एकच चेहरा

माझ्या उल्कामावशीने १९७८ साली लंडनहून नागपूरला पत्र लिहिलं की मी लग्न करतेय, मुलाचं आडनाव डेव्हेनी. आजोबांनी इंग्रजी स्पेलिंगवरून ते 'देवानी' असं वाचलं आणि उलट टपाली कळवलं, 'सिंधी असला तरी आमची हरकत नाही. निदान आपल्याकडचा आहे.' मग मावशीने फोटो पाठवला. लाल केस, तोंडभर तांबूस ठिपके, आणि एक भुवई वर, एक खाली. त्यानंतर चार महिने आजोबांच्या धरमपेठेतल्या घरातून पत्रच गेलं नाही. पाचव्या महिन्यात गेलं, त्यात एवढंच होतं: 'इतका गोरा सिंधी आम्ही पाहिला नव्हता. दोघांना आशीर्वाद.'

फिंटन आयरिश होता. विनोदी नट होता. लीट्रिम परगण्यातल्या ड्रमशॅनबो नावाच्या लहानशा गावात तो वाढला. वडील दूध डेअरीत कॅन मोजायचे आणि फारसे बोलायचे नाहीत. तिकडे माणूस गेला की त्याला घरातच ठेवतात आणि सगळा गाव येऊन बसतो. फिंटन नऊ वर्षांचा असताना त्याच्या शाळेचे हेडमास्तर गेले. सगळे भिंतीला टेकून गप्प बसले होते. फिंटनने खिशातून रुमाल काढला आणि हेडमास्तर जसे नाक शिंकरायचे, आधी रुमालाची घडी उलगडून, मग छताकडे बघून, मग दोनदा, अगदी तसं केलं. वडिलांनी त्याचा दंड पकडला. तेवढ्यात हेडमास्तरांची बायको हसली. ती हसली म्हणून बाकीच्यांना हसता आलं. "आपलं काम काय आहे ते मला त्या दिवशी कळलं," असं तो सांगायचा.

मी मंजिरी, उल्कामावशीची भाची. २०१९ मध्ये पुण्याहून इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या एका कंपनीत आले आणि पहिले आठ महिने लंडनजवळ वॉटफर्डला मावशीकडे राहिले. पहिल्या दिवशी मी फिंटनला "तुम्ही बसा ना" म्हटलं तर त्याने मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. मावशीकडून त्याने जे मराठी उचललं होतं त्यात 'तू'च होतं, आणि तेही बहुतेक हुकूम. "मंजू, बस. खा. गप्प बस. खा." तेव्हापासून मीही त्याला अरे-तुरेच करते.

एकोणिसाव्या वर्षी तो बोटीने इंग्लंडला आला. दिवसा बांधकामावर विटा वाहायच्या, संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत नाटक करायचं. एकदा तो नाटकात स्टेजवरून पडला आणि हनुवटी फाटली. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत टाके पडेपर्यंत त्याचं डोकं धरून बसलेली नर्स म्हणजे माझी मावशी. सुई टोचली जात असतानाही तो तोंडं करून दाखवत होता. डॉक्टर हसले, शेजारच्या बेडवरचा पेशंट हसला. मावशी म्हणाली, "हलू नका, वाकडं शिवलं जाईल." आठवड्याने तो टाके दाखवायला आला, त्यानंतर काही कारण नसताना आला.

१९८१ मध्ये त्याला टीव्हीवर मोठं काम मिळालं. एका इंग्रज कुटुंबाची मालिका होती आणि त्यात दर आठवड्याला त्यांचं घर दुरुस्त करायला येऊन ते आणखी बिघडवून जाणारा मिक नावाचा आयरिश रंगारी म्हणजे फिंटन. मिक शिडी घेऊन यायचा, ती उलटसुलट करून बघायचा आणि घरमालकाला विचारायचा, "विच एंड इज अप, बॉस?" शिडीचं वरचं टोक कुठलं? एवढंच वाक्य. पण ते म्हणताना फिंटनच्या भुवया, गाल, कान सगळे वेगवेगळ्या दिशेला निघायचे. शुक्रवारी संध्याकाळी निम्मा देश ती मालिका बघायचा. रस्त्यात, दुकानात, डेंटिस्टकडे, सगळीकडे लोक त्याच्याकडे बघून तेच वाक्य ओरडायचे.

तो काळ लंडनमध्ये आयरिश अतिरेक्यांचे बॉम्ब फुटण्याचा होता. बसमध्ये आयरिश उच्चार ऐकू आला की माना वळायच्या. मावशी सांगते, "मी गप्प बसले तरी दिसायचेच. तो गप्प बसला असता तर इंग्रज म्हणून खपला असता. म्हणून हा गाढव मुद्दाम मोठ्याने बोलायचा."

मालिकेच्या चौथ्या वर्षी एका भागाचं स्क्रिप्ट आलं. मिक एक पार्सल विसरून हॉलमधल्या टेबलावर ठेवतो. त्याचा उच्चार आणि ते पार्सल, एवढ्यावरून घरातले सगळे टेबलाखाली शिरतात. शेवटी आत केक निघतो. वाचनाला सगळे हसले. फिंटनने कागद मिटला.

"मिक शिडीवरून पडतो तेव्हा त्याला छत रंगवायचं असतं आणि तो घाईत असतो," तो दिग्दर्शकाला म्हणाला. "घाईतला माणूस पडला की लोक हसतात, कारण सगळेच घाईत असतात. इथे तो काही करतच नाही. इथे तो फक्त आयरिश आहे."

"फिंटन, जोक आहे तो."

"मग त्यात जोक घाला."

कोणी काही घातलं नाही. फिंटनने कोट चढवला आणि निघून आला. त्याच भागात मिकचा चुलत भाऊ म्हणून दुसरा नट आला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की यशाची हवा डोक्यात गेली. त्यानंतर नऊ वर्षं कुठल्याच चॅनलने त्याला बोलावलं नाही.

त्या नऊ वर्षांत त्याने जे मिळेल ते केलं. ख्रिसमसच्या लहान मुलांच्या नाटकांत बाई व्हायचा, गाल रंगवून, दोन उशा बांधून. शाळांमध्ये रस्ता कसा ओलांडायचा त्याचे प्रयोग करायचा, त्यात तो साळिंदर असायचा. मावशी तोवर वॉर्डची सिस्टर, म्हणजे मुख्य नर्स, झाली होती, तिच्या कडकपणाला कन्सल्टंटही टरकून असायचे. दोघांपैकी कोणालाच त्या निघून येण्याचा पश्चात्ताप झाला नाही, असं मला अनेक वर्षं वाटत होतं. मग एकदा फिंटन मला म्हणाला, "निघून आलो ते बरोबरच होतं. पण बाहेर येऊन मी कुठेच काही बोललो नाही. माझं म्हणणं त्या खोलीतल्या सात माणसांनी ऐकलं. केकवर हसले ते लाखो." साठीनंतर त्याला नाटकांत पुन्हा बरी कामं मिळायला लागली. म्हातारे जज, बहिरे पाद्री, बायकोला घाबरणारे नवरे. समीक्षक लिहायचे की या माणसाची एक भुवई बाकीच्यांच्या अख्ख्या भाषणावर भारी आहे.

मी आले त्याच वर्षी रीडिंगला त्याच्या एका नाटकाचे प्रयोग चालू होते. दुसऱ्या अंकात एक जागा होती. बायको विचारते, "तुला कळलं का मी काय म्हणाले?" आणि तो नुसता प्रेक्षकांकडे बघतो. तीन आठवडे त्या जागेला हमखास हशा यायचा. चौथ्या आठवड्यात यायचा बंद झाला. फिंटन म्हणाला, प्रेक्षक थंड आहेत. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मावशी तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. मी तिच्या शेजारी होते. प्रयोगानंतर आम्ही गाडीत बसलो.

"तुझी भुवई उठली नाही," ती म्हणाली.

"मी उठवली."

"उठली नाही, फिंटन."

तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई. गाडीकडे येताना तिने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं होतं, तो चालताना हलत नव्हता. तिला त्याच क्षणी कळलं होतं. बाकीचं, आधी घरचा डॉक्टर, मग न्यूरॉलॉजीचा कन्सल्टंट, मग तपासण्या, हे सगळं तिच्या लेखी फक्त कागद भरणं होतं. पार्किन्सन्स. या आजारात हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत असतं. चेहऱ्याचे स्नायू हळूहळू आखडतात आणि माणूस आतून हसत असला तरी बाहेरून दगडासारखा दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर त्याने काम थांबवलं. आवाजही बारीक होत चालला होता, म्हणून स्पीच थेरपिस्टने रोज सकाळी वीस मिनिटं पूर्ण ताकदीने "आऽऽ" म्हणायला सांगितलं. ते तो न चुकता करायचा. शेजारच्या बाईने सुरुवातीला पोलिसांना फोन केला होता. बाकी दिवसभर मात्र तो खिडकीशी बसून असायचा. भेटायला येणारे लोक त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचे, आणि थोड्या वेळाने त्याच्याशी न बोलता मावशीशीच बोलायचे. काही दिवसांनी ते येईनासे झाले. तीन वर्षं अशी गेली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये जय आला. जय एका टीव्ही निर्मिती कंपनीत काम करणारा तिशीतला मुलगा. जन्म वॉटफर्डचा, आजी-आजोबा ठाण्याहून आलेले. मावशीचं नाव बघून त्याने दारातच मराठी सुरू केलं.

"माझा आजी पण इकडेच राहते. मी तुमच्या मिस्टरचा सगळी एपिसोड पाहिला आहे."

मावशीने त्याला आत घेतलं, चहा दिला, पोहे दिले. चुका सुधारल्या नाहीत. मला म्हणाली, "बोलतोय ना, मग बोलू दे."

जुन्या विनोदी मालिकांवर एक मोठा कार्यक्रम होणार होता. स्टुडिओत प्रेक्षक बसणार, जुने कलाकार येणार. फिंटनने यायचं, थोड्या गप्पा मारायच्या आणि शेवटी शिडीचं ते वाक्य म्हणायचं.

"आणि फेसचा तुम्ही टेन्शन घेऊ नका," जय म्हणाला आणि त्याने टॅब पुढे केला. "ते आम्ही फिक्स करतो."

टॅबवर फिंटनचा हल्लीचा एक फोटो होता, आमच्याच बागेतला, मावशीने फेसबुकवर टाकलेला. मग तो हलायला लागला. चेहरा बत्तीस वर्षांचा झाला, भुवया उडाल्या, गाल फुगले आणि तोंडातून वाक्य आलं, "विच एंड इज अप, बॉस?" कॉम्प्युटरने जुन्या भागांतून तो चेहरा बनवला होता आणि फिंटनच्या मानेवर बसवला होता. काम सफाईदार होतं, खोटं कुठेच दिसत नव्हतं.

फिंटन ते बघत राहिला. त्याने ते दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर अर्थातच काही नव्हतं, त्यामुळे जय गोंधळला आणि त्याने मावशीला विचारलं, "त्यांना आवडला का?"

"त्यालाच विचार," मावशी म्हणाली.

फिंटनने श्वास घेतला. बोलायच्या आधी त्याला तो घ्यावा लागतो. "टॅबवरचा मुलगा छान आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "पण त्याला तुम्ही काही करायला दिलेलं नाही. नुसतं तोंड वाकडं करायला लावलंय. आणि एक सांगतो. माझा चेहरा बिघडलेला नाही. तो हल्ली असाच आहे. फिक्स करायला मी तुमचा बॉयलर नाही."

जय कानापर्यंत लाल झाला. पण तो उठून गेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने विचारलं, "मग तुम्ही काय कराल?"

"सहा मिनिटं," फिंटन म्हणाला. "एकटा. उभा राहून. याच चेहऱ्याने. आणि ते वाक्य नाही."

मी मावशीकडे पाहिलं. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

दहा दिवसांनी जयचा ईमेल आला, वरिष्ठ तयार आहेत. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात सहा आठवडे तालीम चालली. मी तोवर स्लाऊला राहायला गेले होते, पण दर शनिवारी यायचे. फिंटन फ्रिजला पाठ लावून उभा राहायचा आणि आम्ही दोघी प्रेक्षक. पन्नास वर्षं त्याने चेहऱ्यावर हशा घेतला होता. आता तो फक्त शब्द आणि थांबणं यांवर घ्यायचा होता. किती वेळ थांबायचं, हे त्याला पुन्हा शिकावं लागलं, कारण त्याला थांबायचं नसतानाही आवाज अडकायचा. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने दीडेक तास बरा जायचा. मावशीने वहीत वेळा लिहून ठेवल्या. पहिले तीन आठवडे मला एकदाही हसू आलं नाही. मी खोटं हसले तर तो म्हणायचा, "मंजू, गप्प बस."

रेकॉर्डिंग मे महिन्यात होतं, पश्चिम लंडनच्या एका स्टुडिओत. दुपारी तीनला रंगीत तालीम. आम्ही आत गेलो तर स्टेजच्या मधोमध शिडी उभी. मागे सिनेमाएवढा पडदा. कानाला हेडसेट लावलेल्या कार्यक्रमाच्या प्रमुख बाई हसत पुढे आल्या.

"तुमच्या चेहऱ्याला आम्ही हात लावलेला नाही, मिस्टर डेव्हेनी. सगळं फक्त पडद्यावर. तरुण मिक येईल, वाक्य म्हणेल, टाळ्या पडतील, आणि मग तुम्ही बाजूने येऊन हात हलवायचा. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येईल बघा. मग खुर्चीत बसून दोन मिनिटं बोला."

"सहा ठरली होती. उभ्याने," मावशी म्हणाली.

"आम्हाला त्यांच्या तब्येतीची काळजी आहे."

जय बाजूला उभा होता. "मला हे माहीत नव्हता, मावशी," तो मराठीत म्हणाला. ते खरं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मावशीने पर्स खांद्याला लावली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "फिंटन, चल. कोट घे."

"नाही," तो म्हणाला.

"अरे, काय नाही? चाळीस वर्षांपूर्वी हेच झालं ना?"

"हेच झालं. तेव्हा मी निघून गेलो आणि माझ्याबद्दल काय ते बाकीच्यांनी ठरवलं. या वेळी मी जाणार नाही, उल्का. त्यांना नको असेल तर त्यांनी जावं." मग तो त्या बाईंकडे वळला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "शिडी राहू द्या. माइक मात्र शर्टाला आत्ताच लावा, नंतर माझ्या बोटांना गुंडी सापडत नाही."

बाईंना वाटलं, पटलं याला.

सात वाजता तीनशे माणसं बसली. सव्वासातला मावशीने विंगेत त्याला गोळी दिली. आठला निवेदकाने नाव घेतलं, पडद्यावर बत्तीस वर्षांचा मिक आला, त्याने ते वाक्य म्हटलं आणि सभागृह दणाणलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. फिंटनने आता आत जायचं होतं.

तो हललाच नाही. या आजारात कधीकधी पाय जमिनीला चिकटतात, विशेषतः दारात. तो विंगेच्या कडेला अर्धा प्रकाशात, अर्धा अंधारात उभा होता आणि पाय उचलत नव्हते. टाळ्या विरत गेल्या. कोणीतरी खोकलं. मावशी पुढे निघाली. त्याने तिच्याकडे न बघता बोट वर केलं. थांब. आणि तिथूनच, माइकमध्ये म्हणाला,

"एक मिनिट. पाय अजून कॉन्ट्रॅक्ट वाचतायत."

कुठेतरी एक माणूस हसला, मग त्याच्यामागे पन्नासेक. तेवढ्यात पाय सुटले आणि तो चालत खुर्चीपर्यंत गेला, खुर्चीला वळसा घातला आणि पुढे येऊन उभा राहिला.

"गुड ईव्हनिंग. तुम्हा सगळ्यांना बघून मला अतिशय आनंद झालाय."

तो दगडी चेहरा मागच्या पडद्यावर पंधरा फूट उंच दिसत होता.

"हा आनंद आहे," तो म्हणाला.

थोडे लोक हसले, थोड्यांना हसावं का कळेना. तो थांबला, मी स्वयंपाकघरात पाहिलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त.

"आता दुःख दाखवतो." चेहरा तोच. "बघा हं, आता मत्सर." तोच. "आता हा जो आहे तो सकाळी सासूबाई फोनवर असतात तेव्हाचा." आता मात्र हशा आला, खराखुरा, पोटातून. "पूर्वी माझ्याकडे दोनशे चेहरे होते. आता एक आहे, पण तो सगळीकडे चालतो. अंत्यसंस्कारांना मला फार मागणी आहे. लग्नात मागे बसवतात." त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. त्याने तो वर धरून दाखवला. "पन्नास वर्षं या धंद्यात आहे. कोणीतरी न थांबता टाळ्या वाजवतंय, असं पहिल्यांदाच झालंय."

मधे तो अडखळला. एक वाक्य अर्ध्यात सुटलं, ते त्याला परत सापडलं नाही आणि जवळजवळ वीस सेकंद काहीच झालं नाही. समोरच्या रांगेतली एक बाई मान खाली घालून बसली. विंगेत प्रमुख बाई दोन बोटं दाखवत होत्या, दोन मिनिटं संपली. फिंटनने त्या बोटांकडे पाहिलं आणि प्रेक्षकांना म्हणाला, "त्या बाई मला खुणावतायत की माझी वेळ संपली. डॉक्टरही तेच म्हणतात. मी दोघांनाही सांगितलंय, लेखी द्या."

मग त्याने पार्सलची गोष्ट सांगितली. सरळ, विनोद न करता. स्क्रिप्टमध्ये काय होतं, तो काय म्हणाला, दिग्दर्शक काय म्हणाला. "तुम्हाला सांगितलं गेलं की माझ्या डोक्यात हवा गेली. हवा नव्हती. मला तो माणूस आवडायचा. घाईतला, कामसू माणूस होता तो. त्याला मूर्ख म्हणा, मला चालेल, मी त्यासाठी रोज पडायचो. पण त्याला बघून लोकांनी टेबलाखाली शिरायचं, हे मला चालणार नव्हतं. आजही चालत नाही."

सभागृह गप्प होतं. आणि त्या शांततेत बाल्कनीतून एक जण ओरडलाच, "विच एंड इज अप, बॉस?"

फिंटनने सावकाश मान वर केली.

"तो वारला," तो म्हणाला. "शिडीवरून पडला. मी तिथेच होतो."

मी आयुष्यात इतका मोठा हशा ऐकलेला नाही. तो अकरा मिनिटं बोलला.

कार्यक्रम ऑगस्टमध्ये टीव्हीवर आला. त्यात पडद्यावरचा तरुण मिक होता, त्याचं वाक्य होतं, टाळ्या होत्या, आणि त्यानंतर फिंटन हात वर करतो तो अडीच सेकंदांचा तुकडा. थरथरणारा हात त्यांनी निरोपाचा करून टाकला होता. बाकी सगळं कापलं होतं. जयने त्याआधी फोन करून माफी मागितली होती, इंग्रजीत, कारण मराठीत त्याला ते जमेना. आम्ही तिघं सोफ्यावर बसलो होतो. मी रडत होते. मावशी टीव्ही बंद करायला उठली.

"असू दे," फिंटन म्हणाला. "तीनशे माणसांनी ऐकलंय. मागच्या वेळी सात होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने "आऽऽ" म्हणून झाल्यावर स्वतः फोन उचलला आणि वॉटफर्डच्या एका लहान हॉलला लावला. पलीकडच्या मुलीला त्याचा आवाज ऐकू येईना. त्याने नाव चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी सकाळच्या पट्टीत सांगितलं, तेव्हा बहुधा अख्ख्या गल्लीने ऐकलं. सप्टेंबरची तारीख मिळाली.

वॉटफर्डला चाळीस माणसं आली आणि प्रयोग बेताचाच झाला, गोळी उशिरा लागू पडली. ऑक्टोबरमध्ये स्लाऊला शंभरावर होती. तिथे प्रयोगानंतर एक सरदारजी काठी टेकत पुढे आले, चेहरा अगदी फिंटनसारखाच गोठलेला. त्यांची बायको सांगायला लागली, "ह्यांना खूप आवडलं, दिसत नसलं तरी." फिंटनने तिला थांबवलं. "मला दिसलं," तो म्हणाला. दोघं एकमेकांसमोर बराच वेळ तसेच उभे होते आणि त्या बाई आणि मावशी त्यांच्याकडे बघून हसत सुटल्या.

नोव्हेंबरमध्ये रीडिंगला एका आर्ट्स सेंटरमध्ये प्रयोग होता. तिथल्या मॅनेजरचा आधी ईमेल आला होता की सुरुवातीला एक सूचना करावी म्हणतो, कलाकार आजारी आहेत, प्रेक्षकांनी समजून घ्यावं. मावशीने वॉर्डमधल्या भाषेत दोन ओळींचं उत्तर पाठवलं, सूचना करू नये. तरी त्या दिवशी पडदा उघडायच्या आधी तो भला माणूस स्टेजवर गेला आणि त्याने आवाज मऊ करून बोलायला सुरुवात केली. फिंटन विंगेतून निघाला. पाय त्या दिवशी अडले नाहीत. त्याने मॅनेजरच्या हातातून माइक काढून घेतला.

"हे गृहस्थ म्हणाले, मी आजारी आहे. खरं आहे. ते म्हणाले, समजून घ्या. ते करू नका. हसू आलं तर हसा. नाही आलं तर गप्प बसा. गप्प बसलेल्या लोकांसमोर मी पन्नास वर्षं काम केलंय, मला त्याची भीती वाटत नाही. पण कीव करून कोणी हसलं तर मला इथून ऐकू येतं, आणि मी नाव विचारतो."

मॅनेजर कसाबसा हसून आत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. प्रयोग पाऊण तासाचा ठरला होता. तासाभराने मावशी विंगेच्या कडेला गोळ्यांची डबी घेऊन गेली आणि त्याला दिसेल अशी उभी राहून घड्याळावर बोट आपटू लागली. त्याने तिला पाहिलं. मग सावकाश, एकेक पाऊल उचलत, तो तिच्याकडे पूर्ण पाठ करून उभा राहिला आणि पुढची गोष्ट सांगायला लागला.